मेंदूच्या गाठीचा मार्कर रिपोर्ट : खिडकीच्या अलीकडून

"अक्का, भावाचं पॉझिटिव्ह आलंय की ओ."

नंदगडकडचा एक तरुण लॅबच्या खिडकीपाशी कागद धरून उभा होता. त्याचं बोट एका ओळीवर होतं : आयडीएच-१ आर१३२एच, पॉझिटिव्ह. कोविडच्या दोन वर्षांत आपण सगळे एवढंच शिकलो, की पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. खरं तर त्या अख्ख्या पानावर त्याच्या भावाच्या बाजूनं बोलणारी तीच एक ओळ होती, आणि तिच्यावरच बोट ठेवून तो रडायच्या बेताला आला होता. खालच्या ओळीत 'एटीआरएक्स : लॉस' असं होतं. त्याचा अर्थ त्यानं "भावाच्या मेंदूतलंच काहीतरी गेलंय" असा लावला होता. तोही चुकीचा.

बेळगावात हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या, कामात माझी वीसेक वर्षं गेली. स्लाइड तयार करणं माझं काम, वाचणं पॅथॉलॉजिस्टचं. त्यामुळं उपचार काय घ्यावा हे मी इथं सांगणार नाही. पण रिपोर्ट हातात आल्यावर कुठून सुरुवात करायची, कुठली ओळ कुठल्या ओळीशी जोडून वाचायची आणि डॉक्टरांना काय विचारायचं, हे खिडकीवर इतक्यांदा समजावलंय की आता एकदा लिहूनच काढते. आपल्याकडं आणखी एक गंमत आहे. पाट्यांवर मराठी की कन्नड यावरून आपण भांडतो, आणि रिपोर्ट येतो इंग्रजीत. म्हणजे दोघांनाही सारखाच कळत नाही.

आधी नंबर, वय आणि जागा

मार्कर म्हणजे गाठीची जात ओळखायला जी प्रथिनं तपासतात ती. त्यांच्याकडं वळायच्या आधी कागद एकत्र करा. बहुतेक वेळा रिपोर्ट दोन असतात. पहिला साध्या गुलाबी-निळ्या रंगाच्या स्लाइडचा, आणि काही दिवसांनी येणारा आयएचसीचा, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा. दोन्हींवर नमुन्याचा नंबर एकच आहे ना, ते पाहा. आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे चार पाटील सापडतात, आधारवर स्पेलिंग एक आणि दवाखान्याच्या केसपेपरवर दुसरंच. नावावर भरवसा ठेवू नका, नंबर आणि वय जुळवा. स्पेलिंगची चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, कारण पुढं योजनेच्या कागदांत तीच आडवी येते.

ऑपरेशनच्या खोलीत गोठवलेल्या तुकड्यावर जो तातडीचा अंदाज देतात, त्याला फ्रोजन सेक्शन म्हणतात. सर्जनला त्या क्षणी दिशा मिळावी एवढ्यापुरता तो असतो. "ऑपरेशनच्या वेळी वेगळंच सांगितलं होतं" अशी तक्रार घेऊन लोक येतात. पक्का शब्द मागाहूनच्या रिपोर्टाचा.

मग दोन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा : रुग्णाचं वय, आणि गाठ मेंदूत नेमकी कुठं आहे ती जागा. एमआरआयच्या रिपोर्टात ती असते : फ्रंटल, टेम्पोरल, थॅलॅमस, सेरेबेलम, ब्रेनस्टेम. तीस वर्षांच्या माणसाच्या फ्रंटल भागातला मार्कर आणि सत्तरीच्या माणसाच्या त्याच जागेचा तोच मार्कर यांचा अर्थ वेगळा निघू शकतो. लहान मुलाच्या थॅलॅमसमधल्या गाठीला तर प्रश्नच वेगळे विचारावे लागतात. ही चिठ्ठी लेख संपेपर्यंत जवळ असू द्या.

तपकिरी रंग येतो कुठून

सर्जननं काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये पडतो. लोणच्याच्या फोडींना मीठ जसं आतपर्यंत लागावं लागतं, तसं फॉर्मालिन तुकड्याच्या गाभ्यापर्यंत जावं लागतं. त्यासाठी दहा टक्क्यांचं बफर केलेलं फॉर्मालिन हवं, ते तुकड्याच्या निदान दहापट हवं आणि वेळ साधारण ६ ते ७२ तासांच्या आत हवा. कमी पडलं तर आतली प्रथिनं सडतात, फार दिवस राहिलं तर ती इतकी बांधली जातात की नंतर ओळख देत नाहीत. माझ्या नोकरीत एकदा एका ठिकाणाहून तुकडा सलाइनच्या बाटलीत आला होता, तोही शनिवारी दुपारी. सोमवारी आम्ही तो उघडला. त्यावर कुठलाच मार्कर धड उमटला नाही, आणि त्या बाईंना पुन्हा डोक्यात सुई घालून तुकडा काढून घ्यावा लागला.

म्हणून तुकडा तुमच्याच हाती देऊन "लॅबला नेऊन द्या" म्हणाले, आणि लहान दवाखान्यांत असं अजून होतं, तर तीन गोष्टी विचारा. बाटलीत फॉर्मालिनच आहे ना? बाटलीवर नाव आणि वेळ लिहिली आहे ना? लॅब आज उघडी आहे ना? उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवून खानापूरहून बाजार करत करत आणू नका.

लॅबमध्ये तुकडा मेणात बसवतात, तो झाला ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात, म्हणजे केसाच्या साधारण विसाव्या भागाएवढे. कापावरची झाकलेली प्रथिनं गरम बफरमध्ये ठेवून उघडी करतात. मग एखाद्या ठराविक प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी सोडतात. ती जिथं चिकटेल तिथं शेवटच्या रसायनानं तपकिरी रंग धरतो, बेळगावच्या कुंद्याचा असतो साधारण तसा. बाकीच्या पेशींची केंद्रकं निळी दिसतात. हीच आयएचसी. तपकिरी म्हणजे प्रथिन आहे, निळं म्हणजे नाही. एवढाच पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा अर्थ. चांगलं-वाईट त्यात काही नाही.

पण रंग कुठं बसला, हेही बघावं लागतं. काही प्रथिनं पेशीच्या केंद्रकात, काही भोवतालच्या द्रवात, काही आवरणावर असतात. भलत्या जागी आलेला रंग मोजत नाहीत. याचं उदाहरण पुढं मुलांच्या गाठींत येईल. रिपोर्टात 'कंट्रोल समाधानकारक' अशी ओळ असते, ती वाचून सोडून देऊ नका. दुसऱ्या, माहीत असलेल्या तुकड्यावर तीच अँटीबॉडी त्याच दिवशी नीट चालली होती, असं ती ओळ सांगते. ती नसेल तर विचारायला संकोच कशाला?

गाठ मेंदूचीच, की पाहुणी?

मार्करचा सगळ्यात पहिला प्रश्न हा असतो. बरेच नातेवाईक एकदम केआय-६७ या वाढीच्या वेगाच्या टक्क्यावर उडी मारतात आणि हा भाग वाचतच नाहीत.

मेंदूच्या आधारपेशींपासून झालेली गाठ असेल तर जीएफएपी आणि ओलिग-२ हे मार्कर बहुधा रंगतात. त्या कुळाला ग्लायोमा म्हणतात. मेंदूच्या आवरणाची गाठ असेल तर ईएमए आणि एसएसटीआर-२ए. चेतापेशींच्या बाजूची असेल तर सिनॅप्टोफायसिन. रक्तपेशींची, म्हणजे लिम्फोमा असेल तर सीडी-२०. लिम्फोमाचा संशय असेल तर डॉक्टर शक्यतो बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड देत नाहीत, कारण त्यानं गाठ झपाट्यानं विरघळते आणि स्लाइडवर बघायला काही उरत नाही. म्हणून बायोप्सीच्या आधी बाहेरच्या कुणी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर ते सर्जनला न विसरता सांगा.

मोठ्या माणसांत मेंदूत सापडणाऱ्या कॅन्सरच्या गाठी पुष्कळदा दुसरीकडून आलेल्या असतात. सायटोकेरॅटिन रंगलं की पॅथॉलॉजिस्ट त्या दिशेला वळतो. त्यासोबत सीके-७ आणि टीटीएफ-१ आले तर नजर फुप्फुसाकडं जाते. निपाणीच्या बाजूचा, तीस वर्षं विडी ओढलेला माणूस असेल तर आम्हाला नवल वाटत नाही. सीके-२० आणि सीडीएक्स-२ आले तर आतड्याकडं. गाटा-३ आणि ईआर आले तर बाईच्या स्तनाची तपासणी आधी. तिथून पुढचा रस्ता मेंदूच्या गाठीचा उरत नाही. फुप्फुसाच्या गाठीत ईजीएफआर आणि एएलके, स्तनाच्या गाठीत हर-२ तपासतात, आणि औषध त्यावरून ठरतं. म्हणून 'मेटास्टॅटिक', म्हणजे दुसरीकडून पसरून आलेली, हा शब्द दिसला की "मूळ कुठलं?" आणि "त्याचे पुढचे मार्कर याच तुकड्यावर करता येतील का?" हे दोन प्रश्न त्याच भेटीत विचारा. तुकडा लहान असेल तर नको त्या तपासण्यांत तो संपून जातो.

आणि क्षयरोग विसरू नका. एमआरआयवर गाठीसारखं दिसणारं सगळंच गाठ नसतं. आपल्या देशात टीबीची गाठ मेंदूत अजून सापडते, आणि स्लाइडवर ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसणारा पेशींचा पुंजका, दिसला की रडत आलेलं घर गोळ्या घेऊन परत जातं. असं मी पाहिलंय.

ग्लायोमा : साखळी धरून वाचा

इथं थोडं थांबूया, कारण गोंधळ इथंच सगळ्यात जास्त होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं मेंदूच्या गाठींचं वर्गीकरण २०१६ साली बदललं आणि २०२१ मध्ये पुन्हा. त्याआधी गाठीचं नाव फक्त सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून ठरायचं. आता रूप, मार्कर आणि जनुकांतले बदल हे सगळं मिळून नाव ठरतं. ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे तो दर्जा, तोही १, २, ३, ४ अशा साध्या अंकांत लिहितात. तुमच्या जुन्या फाइलमध्ये 'ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच म्युटंट' (ग्लायोमाची आक्रमक जात, आयडीएच जनुकात बदल असलेली) असं असेल तर घाबरू नका, तेव्हा ते बरोबर होतं. आता त्याच गाठीला 'अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट, ग्रेड ४' म्हणतात. दोन रिपोर्टांत दोन नावं आहेत म्हणून एका डॉक्टरला खोटं ठरवून आलेले लोक मी समजावले आहेत.

मोठ्या माणसाच्या ग्लायोमात पहिला प्रश्न आयडीएच. पेशीत ऊर्जेच्या कामात असणारं हे एक एन्झाइम. त्याच्या १३२व्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललं की ते टू-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं भलतंच रसायन बनवू लागतं आणि त्यातून गाठ घडत जाते. आयडीएच-१ आर१३२एच ही अँटीबॉडी फक्त त्या बिघडलेल्या प्रथिनालाच चिकटते, चांगल्याला नाही. म्हणून ती पॉझिटिव्ह आली तर शंकेला फारशी जागा उरत नाही. अशा गाठी सहसा तरुण माणसांत येतात, हळू वाढतात आणि उपचारांना बऱ्या साथ देतात. नंदगडच्या त्या भावाचं वय चौतीस होतं.

निगेटिव्ह आली तर? आयडीएचच्या बदलांपैकी साधारण नव्वद टक्के या एका प्रकारचे. उरलेले दहा टक्के या अँटीबॉडीला दिसतच नाहीत. म्हणून चिठ्ठीवरचं वय बघा. ५५च्या खालचा माणूस आणि ही ओळ निगेटिव्ह, तर "जनुकांची सीक्वेन्सिंग तपासणी करायची का?" हे डॉक्टरांना विचाराच. ५५च्या वर, पूर्वी कधी ग्लायोमा झालेला नाही आणि स्लाइडवर ठळक ग्लायोब्लास्टोमा दिसतोय, तर बहुधा तिथंच थांबतात.

दुसरा प्रश्न एटीआरएक्स. हा मार्कर उलटा चालतो. चांगल्या पेशीत तो असतो, म्हणून तपकिरी दिसतो. गाठीच्या पेशीतून तो गेला असेल तर तिथं रंग येत नाही. 'लॉस' म्हणजे हे. पण खरा लॉस ओळखायची एक खूण आहे, आणि ती मला फार आवडते : गाठीतल्याच रक्तवाहिन्यांच्या पेशी तपकिरी राहिल्या पाहिजेत. वाहिन्या रंगल्या आणि गाठ कोरी राहिली तर खरंच गेलंय. दोन्ही कोरी असतील तर स्लाइड फसली, पुन्हा करायची. वडगावच्या विणकराला जसं काठ उठले आणि अंग उठलं नाही हे एका नजरेत दिसतं, तसं पॅथॉलॉजिस्टला हे दिसतं. आयडीएच पॉझिटिव्ह आणि एटीआरएक्स लॉस एकत्र आले की नाव अ‍ॅस्ट्रोसायटोमा या ग्लायोमाच्या प्रकाराकडं जातं. पी-५३ हे प्रथिन केंद्रकांत गडद आणि भरपूर रंगला असेल तर त्याला आणखी जोर येतो.

तिसरा प्रश्न फक्त काहींना लागतो. आयडीएच पॉझिटिव्ह, पण एटीआरएक्स शाबूत. मग १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे गेले आहेत का, ते बघावं लागतं. हे आयएचसीनं दिसत नाही, त्याला फिश नावाची तपासणी किंवा तसलीच दुसरी लागते. दोन्ही गेले असतील तर गाठ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, हा ग्लायोमाचा दुसरा प्रकार. ही तपासणी बेळगावात प्रत्येक ठिकाणी होत नाही, ब्लॉक बाहेर जातो, दिवस लागतात आणि घरचे कंटाळून "आता उपचार सुरू करा की" म्हणतात. थांबा. ऑलिगोडेंड्रोग्लायोमात रेडिएशनच्या जोडीला पीसीव्ही या तीन औषधांच्या केमोचा चांगला अनुभव आहे. नाव चुकलं तर रस्ताही चुकतो.

चौथा प्रश्न, ग्रेड किती? इथं एक फसवी जागा आहे. आयडीएच म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमा स्लाइडवर शांत दिसला, तरी त्यात सीडीकेएन-२ए/बी हे जनुक दोन्ही प्रतींत गेलं असेल तर ग्रेड थेट ४ होतो. उलट बाजूनं, आयडीएचचा बदल नसलेली गाठ स्लाइडवर सौम्य दिसली, तरी टर्ट जनुकाचा बदल, ईजीएफआरची वाढ, किंवा सातवं गुणसूत्र जादा आणि दहावं गेलेलं, यांपैकी काही सापडलं तर तिला ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. सीडीकेएन-२ए ची महागडी तपासणी परवडत नसेल तर एमटीएपी या प्रथिनाच्या आयएचसीवरून बराच अंदाज बांधता येतो. हा मार्कर आता काही लॅब करतात. विचारून बघा.

आयडीएचचा उपयोग आता नुसता नाव ठरवण्यापुरता राहिलेला नाही. व्होरासिडेनिब ही त्या बिघडलेल्या एन्झाइमलाच अडवणारी गोळी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रेड २च्या आयडीएच म्युटंट गाठींसाठी, ऑपरेशननंतर वापरायला मंजूर झाली. आपल्याकडच्या रुग्णाला ती लागू आहे का, आणि खर्चाचं काय, हे डॉक्टरच सांगतील. पण रिपोर्टात आयडीएचची ओळच नसेल तर हा प्रश्न निघणारसुद्धा नाही.

केआय-६७ : टक्क्याचं भूत

गाठीच्या किती पेशी दुभागण्याच्या कामात आहेत, ते केआय-६७ दाखवतो. नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आलं, आणि ६७ हा ज्या ताटलीच्या खणात ती अँटीबॉडी सापडली त्या खणाचा नंबर. रोगाशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "केआय सदुसष्ट म्हणजे सदुसष्ट टक्के ना?" असं विचारणारे दोघं तरी मला भेटलेत.

टक्का जास्त म्हणजे वाढीचा वेग जास्त, एवढं खरं. पण ग्लायोमात ग्रेड त्याच्यावर ठरत नाही. एकाच गाठीत एका कोपऱ्यात दोन टक्के आणि दुसऱ्या कोपऱ्यात पंधरा टक्के मिळतात. कुठला कोपरा मोजला, किती पेशी मोजल्या, यावर आकडा हलतो. दोन चांगले पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडवर आठ आणि बारा लिहू शकतात, आणि दोघंही प्रामाणिक असतात. म्हणून मिरजेच्या रिपोर्टात आठ आणि मुंबईच्या रिपोर्टात बारा आलं म्हणून महिन्यात आजार वाढला असं समजू नका. आकडा आणि बाकीचा रिपोर्ट यांचं अजिबात जुळत नसेल, म्हणजे ग्रेड १ लिहिलंय आणि टक्का तीस, तर मात्र विचारायलाच हवं.

जे तपकिरी रंगात दिसत नाही

एमजीएमटी हे नाव ग्लायोब्लास्टोमाच्या घरात हमखास ऐकू येतं. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला जी इजा करतं, ती एमजीएमटी प्रथिन दुरुस्त करून टाकतं. त्या जनुकाचा दरवाजा मिथिलेशननं, म्हणजे त्याच्यावर चढलेल्या रासायनिक खुणांनी, बंद झाला असेल तर दुरुस्ती होत नाही आणि औषध जास्त चालतं. रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड दिल्यानं दोन वर्षं जगणाऱ्या रुग्णांचं प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्क्यांवर गेलं, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्यातही मिथिलेशन असलेल्यांना फायदा अधिक झाला.

आता काही रिपोर्टांत एमजीएमटीची आयएचसी केलेली दिसते. तिच्यावर माझा विश्वास नाही, आणि बहुतेक पॅथॉलॉजिस्टांचाही नसतो. रक्तवाहिन्या आणि पांढऱ्या पेशी यांतही ते प्रथिन असतं, त्यामुळं रंग गाठीचा की पाहुण्यांचा हे सांगता येत नाही. मिथिलेशनची तपासणी पीसीआर किंवा पायरोसीक्वेन्सिंगनं होते. पैसे घालायचेच असतील तर तिथं घाला. सत्तरीच्या पुढच्या, अंगानं थकलेल्या रुग्णाला नुसती गोळी की नुसतं रेडिएशन, हे ठरवताना तर ती फार उपयोगी पडते.

मुलांच्या गाठी

मुलांसाठी मोठ्यांची साखळी लावू नका. थॅलॅमस, ब्रेनस्टेम किंवा मज्जारज्जूतल्या ग्लायोमात एच-३ के२७एम तपासतात. केंद्रकात तो रंगला आणि एच३के२७एमई३ ही नेहमीची खूण गेली, तर स्लाइड कितीही सौम्य दिसो, गाठ ग्रेड ४ची. इथं पॉझिटिव्ह खरंच वाईट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांच्या आतल्या बाळाच्या गाठीत आयएनआय-१ बघतात. गाठीतून तो गेला आणि वाहिन्यांत शाबूत राहिला तर एटीआरटी नावाची आक्रमक गाठ. सेरेबेलममधल्या मेड्युलोब्लास्टोमा नावाच्या गाठीत बीटा-कॅटेनिन केंद्रकात आला तर डब्ल्यूएनटी गट, आणि त्या मुलांचं भवितव्य सगळ्यांत चांगलं. मघाशी म्हटलेलं उदाहरण ते हेच. तोच मार्कर फक्त पेशीद्रवात आला तर तो गट धरत नाहीत. रिपोर्टात 'बीटा-कॅटेनिन पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलं असेल तर "केंद्रकात का?" हे विचारा.

बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकातला बदल पॉझिटिव्ह आला तर त्यावर नेम धरलेली औषधं आहेत. डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी मुलांच्या सौम्य ग्लायोमासाठी अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मंजूर झाली.

आवरणाची गाठ आणि एक गैरसमज

मेनिंजिओमा बहुतेक वेळा ग्रेड १ची, आणि ऑपरेशननं सुटका करणारी. तिच्या रिपोर्टात 'पीआर पॉझिटिव्ह' येतं. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. हे अक्षर स्तनाच्या कॅन्सरमुळं बायकांना माहीत झालंय, त्यामुळं चिकोडीच्या एक मावशी "मला तिकडचंबी झालंय काय ओ?" म्हणून हादरल्या होत्या. मेनिंजिओमात पीआर असणं नेहमीचंच आहे. ईएमए, एसएसटीआर-२ए आणि पीआर एकत्र दिसले की चित्र बसतं. तशीच दिसणारी पण वेगळी वागणारी एक गाठ असते, तिच्यात एसटीएटी-६ केंद्रकात रंगतो. म्हणून तो मार्कर निगेटिव्ह लिहिलेला असला तर ती कामाची ओळ आहे, फालतू नाही. पिट्युटरीच्या गाठीत पीआयटी-१, टीपीआयटी आणि एसएफ-१ अशी वेगळी त्रयी असते. तिथं हार्मोनचे डॉक्टर लागतात.

ब्लॉक घेऊन बाहेर जाताना

आपल्याकडची माणसं दुसरं मत घ्यायला मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोव्यात बांबोळी, नाहीतर सरळ मुंबईत परळचं टाटा किंवा बेंगळूरचं निम्हान्स गाठतात. रिपोर्टाची झेरॉक्स आणि एमआरआयची सीडी नेतात. ब्लॉक विसरतात. मग राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर जाऊन तिथल्या काउंटरवर "ब्लॉक आणा" ऐकून परत येतात. असं दर महिन्याला एक तरी घर माझ्या खिडकीवर येतं.

निघायच्या चार दिवस आधी लॅबला अर्ज द्या. सगळे ब्लॉक हवेत, की गाठ जास्त असलेला एकच पुरेल, हे पॅथॉलॉजिस्टला ठरवू द्या. सोबत गुलाबी-निळ्या स्लाइडी आणि आयएचसीच्या स्लाइडीही मागा. ब्लॉक द्यायला लॅब तयार नसेल तर न रंगवलेल्या स्लाइडी मागा, पण त्या चिकट लेप दिलेल्या काचांवरच हव्यात. साध्या काचेवरचा काप गरम बफरमध्ये सुटून जातो. कुठल्या तपासणीला किती काप लागतील, हे आधी पुढच्या दवाखान्याला फोन करून विचारा.

ब्लॉक मेणाचा आहे. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर तो मऊ पडतो. जेवणाच्या डब्यात थंड जागी, कागदात गुंडाळून ठेवा. फ्रीजर नको. स्लाइडींना प्लास्टिकची छोटी पेटी मिळते, ती मागा. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या काचा फुटतात. आणि देताना-घेताना सही, तारीख, ब्लॉकचा नंबर असलेली पावती घ्या.

पैशाचं

आयएचसीचे मार्कर एकेक करून मोजले जातात आणि बिल पाहता पाहता वाढतं. म्हणून "पूर्ण पॅनेल करा" असं आपण होऊन म्हणू नका. आधी चार-पाच मार्कर, त्यांचं उत्तर बघून पुढचे, असं पायरीपायरीनं केलं तर पैसेही वाचतात आणि ब्लॉकही. चांगला पॅथॉलॉजिस्ट तसंच करतो.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये ऑपरेशन, रेडिएशन आणि केमोचे पॅकेज बघा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यावरून दोन्ही राज्यांत राजकारण झालं, पण रुग्णाला राजकारणाशी काय करायचंय? आपलं गाव यादीत आहे का, कुठला दाखला लागतो, आणि मार्करची तपासणी पॅकेजमध्ये धरली जाते की वेगळी भरायची, हे भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून वहीत लिहून घ्या. तपासणी झाल्यावर विचारलं तर बहुधा "आता काही होत नाही" हेच ऐकायला मिळतं.

नंदगडच्या भावाचा एटीआरएक्स लॉस होता, म्हणून फिशला पाठवायची गरजच पडली नाही. ब्लॉक मुंबईला गेला, दोन महिन्यांनी परत आला, आणि तो तरुण पावती आणि ब्लॉक घेऊन स्वतः खिडकीवर आला. मी रजिस्टर काढलं, नंबर जुळवला, त्याची सही घेतली आणि ब्लॉक जागच्या खणात ठेवला.